‘सहमत’वर खूण केल्यामुळे गेलेली इंग्रजी वर्गातली जागा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
प्रौढ भाषावर्ग विभाग,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय: अर्जदारास संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात पुन्हा बसू देण्याबाबत.

संदर्भ: आपली ‘भाषा शिकण्याविषयी आपली मते’ ही प्रश्नावली आणि तिच्यावरून आलेले आपले पत्र.

महोदय,

१. सदर अर्जदार हा निवृत्त सुतार आहे. अक्षरे त्याला उतारवयात, याच इमारतीतल्या साक्षरता वर्गात भेटली. तेव्हा अर्जात काही वेडेवाकडे आढळल्यास तो दोष हाताचा समजावा, हेतूचा नव्हे. अर्जदाराला लवकरच परदेशी, मुलीच्या घरी जायचे आहे. तिथे विहीणबाईंना त्याला एक गोष्ट इंग्रजीतून विचारायची आहे. ती विचारता येण्यापुरते इंग्रजी यावे एवढ्यासाठीच तो वर्षभर या वर्गात बसत होता.

२. मागील महिन्यात वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी आपली प्रश्नावली वाटली. ‘ही परीक्षा नाहीये, जे वाटतं ते लिहा,’ असे त्या म्हणाल्या. प्रत्येक वाक्यापुढे ‘सहमत’ आणि ‘असहमत’ असे दोन चौकोन होते. अर्जदाराने सगळीकडे ‘सहमत’वर खूण केली. शेजारी बसणारे न्हावी डोकावून म्हणाले, ‘अहो मिस्त्री, वर म्हणता वर्गात मातृभाषा बोलावी, खाली म्हणता बोलू नये. घरी पण असंच चालवलंत का?’ त्यावर अर्जदाराने उत्तर दिले की दोन्ही वाक्ये साहेबांनी विचार करूनच लिहिली असणार, त्यांच्यात भांडण लावणारे आपण कोण? सरकारी कागदाला ‘नाही’ म्हटले की तो कागद परत येतो, हा अर्जदाराचा जन्मभराचा अनुभव आहे. या खेपेला ‘हो’ म्हटल्यावरही आला.

३. आपल्या पत्रात असे म्हटले आहे की ‘वय झाल्यावर नवी भाषा येत नाही’ या विधानाशी आपण स्वतःच सहमत आहात, सबब आपल्या मताचा आदर करून आपले नाव पटावरून कमी करण्यात येत आहे. एवढा आदर अर्जदाराला यापूर्वी कुठल्याच कार्यालयात मिळाला नव्हता, त्याबद्दल तो आभारी आहे. तथापि असाच आदर इतरांचाही झाला. ‘इंग्रजी येण्यासाठी इंग्रजांच्या देशातच राहावे लागते’ यावर खूण केलेल्या न्हाव्यांना प्रवासासाठी शुभेच्छा कळवून त्यांचेही नाव काढले. ते सध्या गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून आपल्या कार्यालयाविषयी मत मांडतात. गिऱ्हाईक सहमत होते.

४. खेदाची बाब म्हणजे बाईंनीही प्रश्नावली भरली होती. ‘भाषा वर्गाबाहेर शिकली जाते’ याच्याशी त्या सहमत झाल्या, म्हणून त्यांना वर्गाबाहेर काढण्यात आले. महोदय, बाईंचे ते मत खरेच आहे. त्या रोज सांगत, ‘भाषा या चार भिंतींत येत नाही हो, बाहेर पडा, बोला, चुका!’ परंतु हे सांगायला त्यांना चार भिंती लागत आणि ऐकायला आम्हाला बाके लागत.

५. आता वर्गात शिवणकाम करणाऱ्या ताई तेवढ्या उरल्या आहेत. ‘अचूक येईपर्यंत बोलू नये’ असे त्यांचे मत पडले, म्हणून त्यांना गप्प बसण्याच्या अटीवर कायम ठेवले आहे. त्या येतात, दिवा लावतात, कोऱ्या फळ्याकडे बघतात आणि वेळ संपली की दिवा बंद करून जातात. दारावर आपल्या विभागाने ‘वर्ग सुरळीत चालू, तक्रार नाही’ असा कागद लावला आहे. तक्रार कोणत्या भाषेत करावी हे ताईंना अजून ठरवता आलेले नाही.

६. या वयात इंग्रजी येणार नाही असे अर्जदाराला मनापासून वाटते, हे तो नाकारत नाही. तरीही तो रोज वेळेवर येत होता. उभ्या आयुष्यात त्याने अशी कित्येक दारे बसवली की जी नीट लागतील असे त्याला वाटत नव्हते. त्यांतली बरीचशी लागली. मत एका बाजूला असते, हात दुसऱ्या बाजूला चालू असतो.

७. आता विहीणबाईंविषयी. जावई तिकडचेच. दिवसा मुलगी आणि जावई कामावर गेले की घरात दोनच माणसे उरतात आणि त्यांतल्या एकीला मराठी येत नाही. मागच्या खेपेस त्या जे जे म्हणाल्या त्याला अर्जदार ‘येस’ म्हणत गेला. एकदा ‘येस’ म्हटल्यावर त्यांनी कात्री आणून त्याचे केस कापले. पुढच्या ‘येस’नंतर त्यांचा कुत्रा अर्जदाराच्या पलंगावर झोपू लागला. निघायच्या दिवशी मात्र दारात त्यांनी अर्जदाराचा हात हाती घेऊन बराच वेळ काहीतरी विचारले. त्यांचे डोळे भरून आले होते. अर्जदार ‘येस’ म्हणाला. त्या खूप हसल्या.

तेव्हापासून आपण कशाला हो म्हणालो, हे अर्जदाराला माहीत नाही. मुलीला फोनवर विचारले असता ती म्हणते, ‘बाबा, तुमचं तुम्ही येऊन विचारा. मी मध्ये पडणार नाही. त्यांनी तयारी सुरू केलीय एवढंच सांगते,’ आणि हसत फोन ठेवते. अर्जदार विधुर आहे व विहीणबाईही एकट्याच आहेत, ही माहिती केवळ नोंदीसाठी दिली आहे.

८. तरी विनंती की बाईंना वर्गात परत घ्यावे, अर्जदार व न्हावी यांना आपापली मते बाळगून बाकावर बसू द्यावे आणि ताईंना चुकीचे बोलण्याची परवानगी द्यावी. हे नियमात बसत नसल्यास, अर्जदाराने नेमका कशाला होकार दिला हे साहेबांनी स्वतः विहीणबाईंना इंग्रजीतून विचारावे आणि अर्जदारास मराठीतून कळवावे. उत्तर काहीही आले तरी त्यांना परस्पर नकार मात्र कळवू नये.

आपला नम्र, परंतु यापुढे वाचून सहमत होणारा,
(सही)
निवृत्त सुतार, वर्गात ‘मिस्त्री’ म्हणून परिचित

दिनांक: आपले पत्र मिळाल्याच्या पंधराव्या दिवशी

सोबत:
१) आपल्या पत्राची प्रत.
२) शिवणकाम करणाऱ्या ताईंचे निवेदन (कागद कोरा आहे, अचूक लिहिता आल्यावर त्या लिहितील).
३) विहीणबाईंचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट.