न सुटणारा पीळ

३ मार्च, सकाळी ८.१०
आजपासून शिस्त. विद्यापीठाच्या ऑफिसचं पत्र आलं: पीएच.डी.चा प्रबंध ३१ तारखेच्या आत द्या, ही शेवटची मुदत. देणारच. बायको नव्या नोकरीच्या गावी जाऊन वर्ष झालं, मुलगीही तिकडेच. एक एप्रिलला मी त्यांच्याकडे. फोनवर ठणकावून सांगितलं. ती बरं म्हणाली. मागच्या दोन्ही वेळांसारखंच.

दुपारी
काम सोपं आहे. आमच्या लेझरचा झोत डोळ्यांना दिसत नाही. त्यात प्रत्येक ठिकाणी प्रकाश वेगळ्या दिशेने थरथरतो. या दिशांमुळे झोताला पीळ पडतो. किती, ते कॉम्प्युटर मोजतो. आज ०.९९७, म्हणजे जवळपास पूर्ण एक. झोत कितीही बिघडवला तरी हा पीळ सुटत नाही, एवढं दाखवलं की मी सुटलो.

६ मार्च
वाटेत ओरखड्यांचं प्लॅस्टिक धरलं. ०.९९७.

९ मार्च
प्लॅस्टिकला तेल फासलं. ०.९९७. एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. सात वर्षं या बिनखिडकीच्या खोलीत जीव गुदमरलाय. आता मोजून बावीस दिवस.

१२ मार्च
दारावर कसलीशी नोटीस. वाचली नाही. लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही, असा संकल्प आहे. टेबलाला लाथ मारली. पाय सुजला. ०.९९७. हाताला यश आहे माझ्या.

१९ मार्च
शेजारच्या लॅबमधला मित्र म्हणाला, आकडा इतका जुळणं बरं नाही. जळतो मेला.

२७ मार्च
माझ्या गाइड मॅडमना दाखवायला बोलावलं. त्यांनी झोतासमोर अख्खी वही आडवी धरली. ०.९९७. मी म्हटलं, बघा, वहीलाही दाद देत नाही. मॅडमनी वही खाली ठेवली. मग म्हणाल्या, लेझर बारा तारखेपासून तपासणीसाठी बंद आहे, दारावर नोटीस आहे. मी कॉम्प्युटर तपासला: प्रोग्रॅम नवं काही न मोजता रोज तीन तारखेचीच फाइल उघडत होता. ती सोय मीच केली होती, वेळ वाचावा म्हणून.

१ एप्रिल
मॅडमनी वर शब्द टाकला. आणखी एक वर्ष मिळालं. खोली तीच.
बायकोला फोन केला. मूळ पद्धत बरोबर आहे, हे वीस मिनिटं समजावलं. तिने मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, तुझ्यासाठी अर्धं कपाट रिकामं ठेवलं होतं, ते आता मुलीला देते.
मी म्हटलं, दे. वाढत्या वयात जागा लागतेच.