कन्नडमधलं एक वाक्य

मुरूम,
दि. २० फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपमाला,

तू बरी असशील. तुझ्या गावी, वाशीला, आई-अण्णाही बरे असतील, ज्वारीच्या काढणीत असतील. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि एका दिवसात सत्तावीस वेळा लावणाऱ्याचा उचलूही नये. म्हणून होस्टेलच्या पत्त्यावर लिहितोय. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

मी सध्या मल्लिनाथकाकांच्या औषधाच्या दुकानात बसतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं. रस्त्यावर ऊन सांडलेलं असतं, कुठूनतरी अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलणं वाऱ्यावर येतं आणि जातं, आणि माझे डोळे उघडे असूनही मला तुझी प्रॅक्टिकलची वही दिसायला लागते. तिच्या कडेला पेन्सिलीनं लिहून घेतलेले माझे कन्नड शब्द. नीरु म्हणजे पाणी. नोवु म्हणजे दुखणं. ऊट आयता म्हणजे जेवण झालं का. हे शेवटचं तू मला मेसमध्ये सगळ्यांदेखत विचारायचीस, मुद्दाम. माझे कान लाल झाले की मग स्वतः जेवायला बसायचीस.

नर्सिंगचं कॉलेज सोडलं त्या दिवशी जिन्यात तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी उत्तर दिलं नाही, तुझ्यावर ओरडलो. त्याच्याकडं येतोच आहे. जरा लांबून येतो.

मागच्या गुरुवारी काकांच्या हाताचं प्लास्टर काढायला मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. काका आत गेले, मी बाहेर बाकावर. समोरच्या भिंतीवर लिंबाची सावली हलत होती. इतकी सावकाश, की आपण तिच्याबरोबर पाण्यात आहोत असं वाटावं. त्यातच शेजारून कन्नड ऐकू आलं. आमच्या घरातलं, चुलीपुढचं कन्नड.

लक्ष्मम्मा त्यांचं नाव. सीमेपलीकडच्या खेड्यातल्या. नवरा शरणप्पा, सत्तरीचे, स्ट्रेचरवर. हर्निया अडकून पोट दगड झालेलं, ऑपरेशन लगेच करायचं होतं. आणि ते होत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, गळ्यातलं सगळं काढा. म्हातारा मूठ सोडेना, म्हातारी "ब्याड, ब्याड" म्हणत राहिली. ब्याड म्हणजे नको, एवढं कन्नड तिथं सगळ्यांना येत होतं. म्हणून कागद झाला, नातेवाईकांचा ऑपरेशनला नकार, आणि त्याखाली लक्ष्मम्मांनी अंगठा दिला. त्यांना वाटलं, अंगठा ऑपरेशनसाठी आहे. कधी आत नेतात याची वाट बघत त्या माझ्या शेजारी बसलेल्या होत्या.

दीपमाला, त्या मुठीत इष्टलिंग होतं, गळ्यातल्या चांदीच्या डबीत. आमच्या लिंगायतांत ते अंगावरून उतरवत नाहीत, मरेपर्यंत. त्यांचा नकार लिंग काढण्याला होता.

मग मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. टेबलावर हात आपटला, फाइल खाली पाडली, नाही नाही ते बोललो. वॉचमननं दंडाला धरून गेटबाहेर काढलं. तिथं पानटपरीपाशी उभा असताना तुझं वाक्य आठवलं. "नंदीश, तू भांडायला लागलास की पेशंट राहतो बाजूला." वीस मिनिटं गेली होती. शरणप्पांची वीस मिनिटं.

परत आत गेलो आणि हात जोडले. सिस्टर, गिरिजाबाई त्यांचं नाव, वयानं माझ्या आईएवढ्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग हे आधी सांगायचं नाही का त्यांनी?"

मी म्हणालो, "चार वेळा सांगितलं, सिस्टर. कन्नडमधून."

तो कागद त्यांनी स्वतः फाडला आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. चांदीची डबी लक्ष्मम्मांच्या ओटीत दिली. आतलं लिंग स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून डॉक्टरांनी शरणप्पांच्या तळहाताला पट्टीनं बांधलं. म्हाताऱ्यानं मूठ मिटली आणि डोळेही मिटले. इतकं सोपं होतं.

मग डॉक्टर मला म्हणाले, "आता यांना नीट सांगा. आतडं काळं पडलं असू शकतं. या वयात निम्मी निम्मी शक्यता आहे. वाचतीलच असं मी म्हणत नाही."

लक्ष्मम्मा माझ्या तोंडाकडं बघत होत्या. माझ्या जिभेवर एकच वाक्य आलं. येनू आगल्ला. काही होणार नाही.

हेच ते, दीपमाला. तू जिन्यात विचारलं होतंस, "त्या दिवशी वॉर्डातल्या आजीला तू काय सांगितलंस?" हेच सांगितलं होतं. आपल्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या होत्या, त्यांना सांग, आजचा दिवस अवघड आहे, नवऱ्याजवळून हलू नका. मला तिच्या तोंडावर ते बोलवेना. येनू आगल्ला म्हणालो. ती निर्धास्त होऊन धुतलेलं लुगडं आणायला गावाकडं गेली. परत आली तेव्हा खाट रिकामी होती, वर नवी चादर. मॅडमनी मला जाब विचारला आणि मी त्यांच्याशी भांडण उकरलं. इतकं मोठं केलं, की त्याच्या धुरळ्यात ती आजी कुणाला दिसूच नये. कॉलेज अपमानामुळं सोडलं हे खोटं. तू माझी बाजू घेतली नाहीस म्हणून सोडलं, हे त्याहून खोटं.

यावेळी मी खाली, फरशीवर बसलो. लक्ष्मम्मांचा हात हातात घेतला आणि डॉक्टर बोलले तसंच सांगितलं. निम्मं निम्मं. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. मग विचारलं, काय समजलं ते मला सांगा. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. रडल्या नाहीत. कमरेच्या पिशवीतून विभूती काढली, नवऱ्याच्या कपाळाला लावली, आणि कानाशी वाकून हळू काहीतरी बोलल्या. शरणप्पा चक्क हसले. स्ट्रेचर आत गेलं.

गिरिजाबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या रे? मी म्हणालो, ते पेशंटचं काही नव्हतं, सिस्टर. तेवढंच मी त्या दिवशी मराठीत आणलं नाही.

आज सातवा दिवस. काल शरणप्पांनी पेज घेतली, आणि मीठ कमी म्हणून लक्ष्मम्मांवर रागावले. मी सोमवारी-गुरुवारी जातो आता. गिरिजाबाई पेशंटला "समजलं का?" विचारत नाहीत, कारण त्याला सगळेच मान हलवतात. काय समजलं ते सांगा, एवढं कन्नड त्यांनी माझ्याकडून पुठ्ठ्यावर लिहून घेतलंय. वाचताना उच्चार चुकून "समजलं"चं कन्नडमध्ये "शिजलं" होतं, पण म्हातारी माणसं हसून का होईना, बोलायला लागतात.

जूनमध्ये कॉलेज परत घेईल का, हे मॅडमना वेगळ्या पत्रात विचारलंय. त्या आजीचंही लिहिलंय. गाव शोधतोय मी तिचं. ती तोंडावर थुंकली तरी जाणार आहे.

आणि लक्ष्मम्मा काय बोलल्या ते तुला सांगतो, फक्त तुला. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं प्रत्येक बाजाराला तुम्ही पुढं चाललात आणि मी मागं. एकदाही वळून बघितलं नाही. आता पुढं जायचंच असेल तर जा, पण वळणावर थांबा. मला वाट सापडायची नाही."

मीही असाच चालत सुटलो होतो. तू येशील असं म्हणत नाही. निम्मं निम्मं असेल, त्याहून कमी असेल. जे असेल ते तसंच लिही, मऊ करू नकोस.

वळणावर थांबलेला,
नंदीश