शेंदूर लागलेली फ्रेम

प्रिय अहो,

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तुमचं नाव कागदावर लिहायला हात धजत नाही, म्हणून हेच संबोधन गोड मानून घ्या. पत्र महिन्यापूर्वीच पोचलं, उत्तराला उशीर झाला. अमरावतीला ताईंच्या घरी तुमच्या गुडघ्याला सकाळ-संध्याकाळ तेल लागतं हे वाचून बरं वाटलं. शेवटी मात्र तुम्ही लिहिलंत, की माझं सायकलचं आता संपलं, सदर बाजारातल्या सायकलवाल्या भैयाजींना फ्रेम देऊन टाक. ते जमण्यातलं नाही. भैयाजी येऊन गेले. पण तुमच्या फ्रेमचा देव झाला आहे, आणि देव काही असा कुणाला देऊन टाकता येत नाही.

रागावू नका, आधी सगळं वाचा. तुमच्या या सायकलबाईशी माझं कधी पटलं नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. अजनीच्या रेल्वे बंगल्यातला म्हातारा गोरा गार्ड देश सोडताना ती सायकल तुमच्या हवाली करून गेला, तेव्हा मी या घरात आलेलीही नव्हते. विलायतेत कुणा कारागिरानं एकट्यानं हातानं जोडलेली, सांध्यांवर कानशीनं पानांची नक्षी काढलेली, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. माझे बापूजी लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले, तर चहाच्या आधी तुम्ही त्यांना ती फ्रेम एका बोटावर उचलायला लावलीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "जावईबापू बरे हायेत ना माय?"

बरं, एवढं कौतुक आणि मी ती सायकल उभी कधी पाहिलीच नाही! लग्नाआधी म्हणे तुम्ही तिच्यावरून कामठीपर्यंत शर्यती मारल्या. मी आले तेव्हापासून तिची जोडणीच चालू आहे. चाकं पलंगाखाली, चामड्याची सीट माझ्या शालूशेजारी, बकऱ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल तांदळाच्या डब्यामागे. चेन तर माझ्या दुधाच्या पातेल्यात घासलेट ओतून भिजवलीत. ते पातेलं अजून नाकाला लावून बघा. एक भाग मिळाला की दुसरा मनासारखा नसायचा. विलायती नटाला देशी बोल्ट चालत नाही म्हणून तुम्ही इतवारीत दुकानं पालथी घालायचात, आणि मी घरी म्हणायचे, माझ्या बांगड्यांसाठी कधी इतके हिंडला होतात का.

तर या पावसाळ्यात तुम्ही जुना रंग खरवडलात, गंज चढू नये म्हणून शेंदराचं अस्तर दिलंत आणि घरात वास नको म्हणून फ्रेम समोरच्या पिंपळाला टांगलीत. दुसऱ्याच दिवशी कोराडीच्या वीजकेंद्रात ड्युटीवर शिडीवरून पडलात. मग मेडिकलचा वॉर्ड, प्लास्टर, तुमची आरडाओरड, ताईंचं येऊन तुम्हाला घेऊन जाणं. या सगळ्यात ती उतरवायची कुणाला आठवण? वाऱ्यानं दोरी तुटली आणि ती पाराच्या चौथऱ्यावर बुंध्याला टेकून उभी राहिली. आता तुम्हीच सांगा. पिंपळाखाली, चौथऱ्यावर, शेंदूर माखलेलं काही उभं असलं, की आपल्या नंदनवन वस्तीतला माणूस काय करील?

शेजारच्या कांताबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "त्रिकोण हाय वं हा वच्छला. देवीचंच ठाणं हाय." मी म्हटलं, मावशी, सायकलची फ्रेम आहे. तर म्हणाल्या, "देवीनं काहून सायकलवर येऊ नये? तिले का बसचं तिकीट भेटून राहिलं?" मग तुमच्या खात्यातले रुपराव आले. त्यांची सायकल बाजारातून चोरीला गेली होती. गंमत म्हणून नारळ कबूल केला आणि चौथ्या दिवशी सायकल मोमिनपुऱ्यात सापडली. झालं! आता सगळ्या नंदनवनातले सायकलवाले ड्युटीवर जाताना घंटी वाजवून पुढे जातात. नवी सायकल घेतली की आधी इथे आणतात. पंक्चर होऊ नये म्हणून नवस बोलतात. मंगळवारी आरती असते. आरतीत मध्येच कुणीतरी सायकलची घंटी वाजवतं आणि मला हसू आवरत नाही.

भैयाजी आले ते रिक्षा घेऊनच. चौथऱ्यापाशी आले, हळदकुंकू पाहिलं, फ्रेमच्या गळ्यातली झेंडूची माळ पाहिली, आणि मुकाट्यानं चपला काढल्या. तरी माणूस धंदेवाईक. वाकून सांध्यावरची नक्षी बोटानं चाचपली. कांताबाई कडाडल्या, "हात नका लावू गा!" तसे सरळ झाले. मला म्हणाले, "वहिनी, मी सायकलींचा धंदा करून राहिलो. देवाचा नाही. मले बी लेकरंबाळं हायेत." जाताना प्रदक्षिणा घालून गेले आणि रिकाम्या रिक्षात बसून गेले.

गंजेल म्हणून काळजी करू नका. तुमच्या गुडघ्याला ताई तेल लावतात, तिला अख्खी आळी लावते.

आता एक सांगायचं आहे. नवस आणि आरत्या हे सगळं नंतरचं; भैयाजी येणार हे कळलं, त्या सकाळी तिच्यावर फक्त कांताबाईंची दोन फुलं होती. ती कुणीही बाजूला सारली असती. हळदकुंकू मी वाहिलं. माळ मी घातली. शेजारणींनाही मीच बोलावून आणलं. अकरा वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली, ती रिक्षात घालून नेणार म्हटल्यावर माझ्यानं घरात बसवेना. ताईंनी मला निराळं लिहिलं आहे. अंगणात कुणी नसलं की तुम्ही काठीशिवाय फिरता आणि फाटक वाजलं की काठी धरता. डॉक्टरांनी तर घरी सोडताना बजावलं होतं, गुडघा चालता ठेवायला सायकलसारखं दुसरं औषध नाही. तुम्ही घाबरला आहात, दुसरं काही नाही. मीही घाबरले होते, तुम्हाला स्ट्रेचरवर पाहिलं तेव्हा. पण म्हणून आपण दोघांनी आयुष्यभर काठी धरून बसायचं का? कांताबाईंनी निकाल दिला आहे की देवी ज्यानं टांगली त्यानंच उतरवायची, आणि खंडेनवमीला चाकं लावून तिची गावभर मिरवणूक काढायची. चालवणारा कोण, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. तुम्हीच, असं धरूनच चालल्या आहेत. चाकं मी पलंगाखालून काढून पुसून ठेवली आहेत. देशी बोल्ट लागले तर लागू द्या, देवीला चालतात. एकदा तरी तुम्हाला तिच्यावर बसलेलं पाहायचं आहे हो मला. या. काठी ताईंकडेच राहू द्या.

वाट पाहणारी, तुमचीच,
वच्छला