उजवीकडे तोंड केलेली मरळ

मी, खाली सही करणारी, संग्रहालयाच्या मत्स्यविभागातली निवृत्त चित्रकार, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. हात कापतो, पण त्यात डोक्याचा दोष नाही. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. आधीचे मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते, ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही, ती तिने बदलून घ्यावी. बापासारखी पुढे ढकलू नये.

२. भिंग, कर्कटक आणि कुंचले संग्रहालयाला. ज्याला खवले मोजायचा कंटाळा नाही, त्यालाच ते द्यावेत. माझ्या जागी आलेले गृहस्थ फोटोवरून मासे गिरवतात. त्यांना माझे खोडरबरही मिळू नये.

३. धाकट्या बहिणीविषयी. ती माझ्याच विभागात होती. समुद्रातले मासे माझ्याकडे, नदीतले तिच्याकडे. माझे मासे बरणीतल्या दारूतून यायचे, रंग उडालेले, डोळे पांढरे पडलेले. तिचे काचेच्या टाकीत पोहत यायचे. मग तिची चित्रे जिवंत वाटली तर त्यात नवल ते काय? पण पाहुणे माझ्या चित्रापाशी “किती नेमकं!” म्हणायचे आणि तिच्यापाशी गप्प उभे राहायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

४. मरळीविषयी. आमच्या कामात माशाची डावी कूस दाखवतात, तोंड डावीकडे. माझ्या लग्नात धाकटीने मरळ काढून दिली ती उजवीकडे तोंड केलेली. नवशिक्यासुद्धा अशी चूक करत नाही. माझा नवरा त्याच विभागातला अभ्यासक. माशाच्या परामधला एक काटा कमी पडला तर माझा कागद परत पाठवायचा. त्याने ही उलटी मरळ जेवणाच्या टेबलासमोर लावली आणि तिथे आधीपासून असलेले माझे समुद्रातल्या तांबोशीचे चित्र कपाटात गेले. मला नको नको ते संशय आले. तो गेल्यावरही मी मरळ भिंतीवरून उतरवली नाही, उतरवली असती तर मी हरले असते. जन्मभर तिच्यासमोर घास गिळले. आधीच्या मृत्युपत्रात ती फाडून टाकावी असे लिहिले होते.

५. गेल्या रविवारी धाकटी आली. चहा पिताना म्हणाली, “ताई, ती मरळ मला देशील?”

“ती सोडून काहीही माग.”

“अगं, एकटी बरी नाही दिसत. तुझ्या तांबोशीसमोर लावायला काढली होती मी. दोघी एकमेकींकडे बघतील, म्हणून तर तोंड उलटं केलं.”

“मग हे मला कधी बोलली का नाहीस?”

“भाऊजींना सांगितलं होतं की! ते म्हणाले, सध्या घरात खिळा एकच आहे, दुसरा आणतो.”

माझा नवरा तो दुसरा खिळा आणणार होता. त्याला ओळखणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको. धाकटी हसत सुटली. मी उठून मोरीत जाऊन रडले.

६. सबब, दोन्ही चित्रे धाकटीला. ती एकमेकींपासून वेगळी करू नयेत. मात्र मी असेपर्यंत ती इथेच राहतील. सोमवारी सुताराला बोलावून दुसरा खिळा ठोकून घेतला आहे. आता तांबोशी उजव्या हाताला, मरळ डाव्या, मधे वीतभर भिंत. काल दोन्हीकडे बघत जेवले. मरळ अजूनही माझ्या तांबोशीपेक्षा सरस आहे. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिले आहे. मी गेल्यावरच ते धाकटीला वाचून दाखवावे, आधी नाही.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर

सही: थोरली

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
साक्षीदार १: शेजारच्या दंतवैद्य बाई
साक्षीदार २: सुतार (खिळा मीच ठोकला)