शिंपीकाका व्हरांडाभर चालले

ती. बाबा,

पाया पडतो, पण भांडण मिटलं असं समजू नका. "काळजाला ठिगळ लावतात होय रे?" म्हणून फोनवर मला हिणवलंत ना? मग ऐका.

आमच्या इस्पितळात एक शिंपीकाका आहेत. झटक्यानंतर त्यांचंही हृदय तुमच्यासारखंच अर्धं निकामी झालेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याच हाडाच्या मगजातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांतून नव्या पेशी घडतात त्या, काढून, वाढवून हृदयात सोडल्या. अशा पेशंटला लांब व्हरांड्यात चालवून बघतात. कुणी कोसळलं तर हाताशी असावी म्हणून मी चाकाची खुर्ची घेऊन मागून चालतो. उपचाराआधी काका निम्म्या वाटेतच मटकन खाली बसले होते.

आज पठ्ठ्या पार टोकापर्यंत गेला! वर मलाच म्हणतो, "दमलास का रे? बस खुर्चीत, मी ढकलतो." सगळा वॉर्ड हसला. मी मात्र तोंड फिरवून डोळे पुसले.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे बाई आधीच सांगतात. पण तुम्हाला तपासायला त्या तयार आहेत. आडवं पडलं की धाप लागते म्हणून तुम्ही रात्री बसूनच झोपता, असं आई म्हणाली. खरं का? आता हट्ट पुरे. आईला घेऊन या.

वाट बघणारा,
तुमचा उंडगा

ता. क. दोघांच्या तिकिटांचे पाच हजार आजच पाठवलेत.