काचेखालची खोली

२ मे १९५७, जळगाव

धुळ्याहून आले. सुट्टीत कुणी शाळेत रुजू होतं का, म्हणून वहिनी हसली. पण तिच्या घरी माझं पान मांडायला सगळे विसरू लागले होते. इथे प्रयोगशाळेलगत माझी स्वतःची खोली आहे, उत्तरेला मोठी खिडकी आणि टेबलावर नवा कोरा सूक्ष्मदर्शक. शाळा उघडेपर्यंत पेशींचा तक्ता काढायचा आहे. शिपाई हिलालभाऊंनी खाट टाकली, माठ भरला. "आठे बठ्ठं शे बाई, बोलाले तेवढं माणूस नही," म्हणाले. खरंच, इथे सगळं आहे. मग ते भडगावला घरी गेले.

५ मे

कांद्याचा पापुद्रा सोलला. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा. वरची पातळ काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडायची, म्हणजे बुडबुडा राहत नाही. डावा डोळा भिंगाला, उजवा कागदावर, दोन्ही उघडे. मग पेशी कागदावरच उमटल्यासारख्या दिसतात. नुसती पेन्सिल फिरवायची. ओळीने खोल्या, प्रत्येकीत एकच केंद्रक, भिंतीला टेकून बसलेलं. पाहून बरं वाटलं.

८ मे

एक केंद्रक आज मधोमध आहे. पाच तारखेला मी ते कोपऱ्यात काढलं होतं. रोज पाण्याचा थेंब देते, म्हणून पापुद्रा टिकला असावा. उन्हाने रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या केंद्रकाशीच थोडं बोलले.

११ मे

मी डोळा लावला की ते माझ्याकडे सरकतं. भिंतीला धडका देतं. माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती. तक्त्यासाठी आयोडीन घालायला हवं, त्याशिवाय केंद्रक ठळक दिसत नाही. पण त्याने पेशी मरतात. उद्या पाहू.

१४ मे

मुख्याध्यापक डोकावले. तक्ता उद्या दिसला नाही तर नेमणुकीचा फेरविचार करावा लागेल, म्हणाले. म्हणजे पुन्हा वहिनीचं घर.

काचेच्या कडेने तांबूस पिवळं आयोडीन सोडलं. केंद्रक पळालं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग थांबलं.

तक्ता सुरेख झाला. जेवले नाही.

१५ मे

ती पेशी रिकामी आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवले, तर कागदावर तिच्यात खाट दिसते. माठ. उत्तरेची खिडकी.

१६ मे

खोलीत घोटाभर पाणी. माठ शाबूत आहे. दार उघडत नाही — फुगलं असेल —

हिलालभाऊंना हाका मारल्या. भडगावपर्यंत कसं ऐकू —

दुपार

छप्पर एका कडेने टेकलं आहे. दुसरी कडा खाली येते आहे. सावकाश. बुडबुडा राहू नये म्हणून —

वरून कुणीतरी बोलतंय. हळू, मायेने. एकटं असावं.

भिंतीला धडका दिल्या तर त्याला वाटेल, मी त्याचीच वाट —

मधोमध उभी राहते. हलायचं नाही.

कोपऱ्यातून तांबूस पिवळं काहीतरी पाण्यात