आंब्याचे सात ओंडके

पोलादी पिंप एक, दोनशे लिटरचे, ओरत्तनाडूच्या भंगारवाल्याकडून, रुपये अकराशे. लोखंडी जाळ्या दोन, सहाशे चाळीस. बिजागऱ्या, कडी आणि धुराड्याचा पाइप मिळून नऊशे. उष्णता मोजायचा काटा, पार्सलने, सातशे नव्वद. वेल्डरची मजुरी पंधराशे. एवढे सामान यंदा फेब्रुवारीत मला न विचारता माझ्या घरात आले.

मी विशालाक्षीबाई, कै. राममूर्ती राव यांची पत्नी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, राहणार तंजावर. मोतीबिंदू डोळ्यांना आहे, बुद्धीला नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. राग आहे, पण रागात केलेले मृत्युपत्रही चालते असे वकील म्हणाले. आधीचे तमिळमधले रद्द समजावे.

हे मुद्दाम देवनागरीत लिहिले आहे. माझा मुलगा श्रीकर याला मराठी कळते, वाचता येत नाही. पाटी घेऊन बसवले की पळायचा. मुलगी नित्या बसून शिकली. त्याला हे तिच्याकडून वाचून घ्यावे लागेल. लागू दे.

१. घर माझ्या नावावर आहे. ते, विहीर आणि कोल्लै, म्हणजे मागचे अंगण, नित्याला.

२. बँकेतल्या ठेवीतून माझे दिवसकार्य करावे. उरेल ते नित्याला. जेवणावळ नको. मी जिवंत असताना ज्यांनी चौकशी केली नाही त्यांनी माझ्या नावाने लाडू खाऊ नयेत.

३. देवघरातले टाक आणि तांब्याचे पंचपात्र नित्याला. चिंचेने घासावे, पावडरीने नव्हे.

४. पितळी कॉफी फिल्टर शेजारच्या राजलक्ष्मीला ठेवणार होते. पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून आजच तिच्या हातात दिला. झाकण तिच्याकडे सहा वर्षांपासून आहेच.

५. श्रीकरास ते पिंप, आणि ते उभे आहे तेवढी सहा फूट बाय चार फूट जागा. तिथे जायची वाट नित्याच्या हद्दीतून आहे. तिला विचारून जावे.

कारण लिहून ठेवते. पिंप आडवे कापून त्याला दार केले, खाली हवेचे भोक, वर धुराडे, आत जाळ्या. धुरावर पाच-पाच तास मांस शिजवायची ही शेगडी. दर रविवारी विकणार म्हणे. दार नीट बसले आहे, ते मी नाकारत नाही.

फाल्गुन शुद्ध तृतीया ही यजमानांची तिथी. आजवर श्राद्ध माझे दीर करत. ते गेल्या वर्षी वारले, श्रीकर चेन्नई सोडून घरी आला, म्हणून यंदा कर्ता तोच. उपाध्याय येऊन बसले. मी मडीत, सोवळ्याचे नेसून, त्याला हाक मारायला मागे गेले, तर पिंपातून धूर, जाळीवर दोन कोंबड्या.

"आज अप्पांची तिथी आहे," मी म्हटले.

"आई, अप्पांचा दिवस गेला की बुधवारी. सव्वीस फेब्रुवारी. फोनात घातलंय मी. त्या दिवशी मी बाहेरसुद्धा अंडं खाल्लं नाही."

"त्या दिवशी महाशिवरात्र होती. गावात कोणीच खाल्लं नाही. अप्पा काय तुझ्या फोनाला विचारून गेले?"

मी खाली वाकून पाहिले. "हे लाकूड कुठलं?"

"शेडमधलं. सहा वर्षं पडून होतं, मस्त वाळलंय. आंब्याचा धूर कोंबडीला चांगला."

"ते माझं होतं."

"तुला कशाला एवढं लाकूड? गॅस आहे ना."

हे मृत्युपत्र त्याचे उत्तर आहे.

उपाध्याय उठून गेले. तरी मी भाताचा गोळा भिंतीवर ठेवला. कावळा आला, आणि धुराड्याशेजारी बसून कोंबड्यांकडे बघत राहिला.

६. कोल्लैतला आंबा २०१८ च्या गज चक्रीवादळात पडला. यजमानांनी त्याचे बेचाळीस ओंडके करवून घेतले, निम्मे त्यांना, निम्मे मला. सरणाचा पहिला थर आपल्या झाडाचा असावा, वरचे विकत घेतले तरी चालेल, असे ते म्हणत. त्यांचे एकवीस त्यांच्याबरोबर गेले. माझ्या एकवीसपैकी चौदा कोंबड्यांखाली गेले. सात उरले, ते माझ्या खाटेखाली आहेत. श्रीकराने त्यांना हात लावू नये. मलाही अग्नी देऊ नये.

सही: विशालाक्षीबाई
आमच्यादेखत सही केली: त्यागराज, निवृत्त शिक्षक; राजलक्ष्मी, शेजारी
तंजावर, १२ मार्च २०२५

नित्यास, बंगळूरु, या प्रतीसोबत:

सात ओंडक्यांना अग्नी तू द्यावास अशी माझी इच्छा आहे. मुलीने दिलेला चालतो का, हे मी उपाध्यायांना विचारले नाही. विचारले तर ते सांगतील. फोन करू नकोस, तो श्रीकर उचलतो. येशील की नाही एवढेच, देवनागरीत, उलट टपाली कळव.